वडगाव कोणते?

पुणे स्टेशनबाहेर रिक्षात बसून कोणी नुसते ‘वडगाव’ म्हटले, तर रिक्षावाला मीटर टाकण्याआधी विचारतो, “कोणते?” नगर रस्त्याच्या अंगाचे वडगाव शेरी, की सिंहगड रस्त्यावरचे वडगाव बुद्रुक? त्याच्या शेजारीच वडगाव खुर्द आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे वडगाव मावळ म्हणजे तर मावळ तालुक्याचे मुख्य ठिकाण. बुद्रुक म्हणजे थोरले, खुर्द म्हणजे धाकटे. फारसीतून आलेली ही दोन विशेषणे महाराष्ट्राच्या महसुली दप्तरात पिढ्यान्पिढ्या एकच काम करत आली आहेत : सारख्या नावाची गावे एकमेकांत मिसळू न देणे. नाव चार वेळा आले म्हणून त्यातली तीन गावे खोडून टाकावीत, असे कोणत्याही तलाठ्याच्या मनात कधी आलेले नाही.

सॉफ्टवेअरच्या दप्तरात मात्र ही खोडाखोड सर्रास चालते, आणि तिची किंमत मराठीत मोबाइल वापरणाऱ्याला रोज मोजावी लागते.

पडद्यावर जे वाचता येते, त्याच्या प्रत्येक तुकड्याला प्रोग्रॅमर ‘स्ट्रिंग’ म्हणतात. इथे आपण त्यालाच ‘लेबल’ म्हणू. बटणावरचा शब्द, यादीचे शीर्षक, काही बिघडले तर येणारी सूचना, ही सगळी लेबले. ती मूळ प्रोग्रॅममधून बाहेर काढून वेगळ्या फाइलीत ठेवायची आणि प्रत्येक भाषेसाठी तशीच एक फाइल भरायची, हा स्थानिकीकरणाचा गाभा. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये लेबले हजारोंनी असतात आणि त्यांत तेच ते इंग्रजी शब्द पुन:पुन्हा येतात : सेव्ह, ओपन, न्यू, क्लोज, कॅन्सल. मग प्रश्न पडतो की, दहा जागी आलेला ‘सेव्ह’ एकदाच भाषांतरायचा, की दहा वेळा?

प्रोग्रॅमरच्या अंगवळणी पडलेले उत्तर ‘एकदाच’ असे असते. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या १९९९ सालच्या पुस्तकाने ‘ड्राय’ हे सूत्र रूढ केले : एक गोष्ट एकाच जागी लिहा, तिची नक्कल करू नका. प्रोग्रॅमच्या बाबतीत हा सल्ला रास्तच आहे. हिशोबाचे एक सूत्र पाच ठिकाणी लिहिले, की एक दिवस चार ठिकाणी बदलते आणि पाचव्या ठिकाणी जुनेच राहते. भाषांतराच्या धंद्याचा कलही तिकडेच. पुन्हा आलेल्या वाक्यांना कमी दर देण्याची तिथे रीत आहे, त्यामुळे पुनरावृत्ती जितकी जास्त सापडेल तितका खर्च वाचतो. दोन्ही बाजूंनी ओढ एकाच दिशेला : सारखे दिसले की एकत्र करा.

पण सारखे दिसते ते इंग्रजीत.

नवा, नवी की नवे?

‘न्यू’ हे तीन अक्षरांचे इंग्रजी लेबल घ्या. फाइल नवी असते, संदेश नवा असतो आणि पान नवे असते. तिन्ही ठिकाणी मिळून एकच लेबल वापरले, तर मराठी भाषांतरकाराला तीनपैकी एक लिंग निवडून उरलेली दोन चुकवावी लागतात. ‘नवीन’ हा शब्द तिन्ही लिंगांत चालतो, म्हणून बहुतेक जण तिकडे वळतात. पण अशी पळवाट दर वेळी सापडत नाही. ‘सिलेक्टेड’ला निवडलेला, निवडलेली, निवडलेले. ‘एम्प्टी’ला रिकामा, रिकामी, रिकामे, आणि तेच जर कचऱ्याच्या टोपलीचे बटण असेल तर ‘रिकामी करा’. ‘नन’ला कोणताही नाही, कोणतीही नाही, कोणतेही नाही. इंग्रजीत विशेषणाला लिंग चिकटत नाही, त्यामुळे इंग्रजीत विचार करणाऱ्या प्रोग्रॅमरला इथे काही अडचण असेल असे वाटतही नाही.

लिंग चुकले तर वाचणारा निदान अंदाज बांधतो. अर्थच बदलला तर अंदाजाचीही सोय राहत नाही. कागदपत्रांच्या ॲपमधले ‘सेव्ह’ म्हणजे जतन करा. दुकानाच्या ॲपमध्ये सवलतीच्या आकड्याशेजारचे ‘सेव्ह’ म्हणजे बचत. ‘ऑर्डर’ खरेदीत मागणी असते, यादीत क्रम असतो आणि सरकारी पोर्टलवर आदेश. ‘फ्री’ किमतीच्या रकान्यात मोफत, डिस्कच्या हिशोबात मोकळी जागा, आणि परवान्याबद्दल बोलणे चालू असेल तर मुक्त. ‘क्लिअर’ शोधपट्टीशेजारी असेल तर पुसा, हवामानाच्या पानावर असेल तर आकाश निरभ्र. ‘लेफ्ट’ म्हणजे मजकूर डावीकडे सरकवणे, दोन दिवस शिल्लक असणे, किंवा कोणीतरी गट सोडून जाणे. ‘सेकंड’ घड्याळात सेकंद, स्पर्धेच्या निकालात दुसरा. पत्रावरचे ‘फ्रॉम’ म्हणजे प्रेषक, तारखांच्या रकान्यातले ‘फ्रॉम’ म्हणजे पासून.

यातल्या कुठल्याही जोडीला फाइलीत एकच नोंद मिळाली, तर भाषांतरकार कितीही जाणता असो, एक जागा चुकणारच. आणि पडद्यावर विचित्र मराठी दिसले की बोल लागतो तो भाषांतरकाराला, किंवा सरळ मराठीला : “मराठीत हे सगळे कृत्रिमच वाटते.” खरा दोष त्या आधीच्या पायरीवर, लेबले एकत्र करताना घडलेला असतो.

संदर्भाची चिठ्ठी

ही अडचण तंत्रज्ञांना ठाऊक नव्हती असे नाही. युनिक्स-लिनक्सच्या जगात स्थानिकीकरणाचा कणा म्हणजे ‘गेटटेक्स्ट’. तिचा उगम सन मायक्रोसिस्टिम्समध्ये, नव्वदच्या दशकाच्या आरंभी. मुक्त सॉफ्टवेअर घडवणाऱ्या ग्नू प्रकल्पाची गेटटेक्स्ट १९९५ मध्ये आली. तिची घडण साधी आहे. मूळ इंग्रजी मजकूर हीच नोंदीची ओळख. ‘पीओ’ फाइलीत वर इंग्रजी, खाली मराठी. भाषांतर नसेल तर इंग्रजीच दिसते, काम अडत नाही. पण मजकूर हीच ओळख ठरल्यावर सारखा मजकूर आपोआप एका नोंदीत गोळा होणार. सगळ्या वडगावांना एकच सातबारा!

२००६ साली आलेल्या ०.१५ या आवृत्तीत गेटटेक्स्टने या दुखण्यावर औषध दिले. इंग्रजी मजकुराला संदर्भाची एक चिठ्ठी जोडता येऊ लागली. मजकूर तोच, पण चिठ्ठी वेगळी असेल तर नोंद वेगळी. वर्डप्रेसमध्ये याच कामासाठी प्रोग्रॅमरला एक वेगळे फंक्शन दिलेले आहे. ‘कॉमेंट’ हा शब्द नाम म्हणून आला की क्रियापद म्हणून, हे त्यात लिहिता येते. केडीई या लिनक्स डेस्कटॉपच्या मंडळींनी तर चिठ्ठीची भाषाच ठरवून टाकली : हे बटण आहे, हे खिडकीचे शीर्षक आहे, हे रकान्याचे नाव आहे, अशा ठराविक खुणा. लिबरऑफिसच्या पीओ फाइलींत प्रत्येक नोंदीसोबत तिचा संदर्भ असतो.

क्यूटी नावाच्या साधनसंचाने उलटी वाट धरली. प्रोग्रॅमच्या ज्या विभागात लेबल आले, त्या विभागाचे नाव त्याला आपोआप चिकटते. म्हणजे दोन विभागांतली दोन ‘ओपन’ मुळातच वेगळी राहतात. एकत्र आणायची तर कोणीतरी मुद्दाम आणावी लागतात. ॲपलच्या पद्धतीत लेबल लिहितानाच शेजारी टिपणासाठी जागा असते. तिथली लेबले गोळा करणारी ‘जेनस्ट्रिंग्ज’ ही आज्ञा एकाच ओळखीला दोन वेगळी टिपणे जोडलेली पाहिली की इशारा देते. हा इशारा अनेकदा कटकट म्हणून दुर्लक्षिला जातो. खरे तर तिथे यंत्र रिक्षावाल्याचाच प्रश्न विचारत असते : कोणते?

मोझिलाने फायरफॉक्ससाठी घडवलेल्या ‘फ्लुएंट’ची १.० आवृत्ती २०१९ मध्ये आली. तिच्या मार्गदर्शनात ‘ड्राय’च्या सूत्राला उघडपणे बगल दिली आहे. लेबले वाचवण्याच्या मागे लागू नका, पुन्हा लिहा, असा तिथला सांगावा. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीचे नियमही प्रोग्रॅमरना हेच बजावतात की, एक संदेश दोन जागी वापरू नका. ज्यांनी शेकडो भाषा हाताळल्या, ते सगळे फिरून याच निर्णयावर आले आहेत.

युनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहात याचा सुंदर नमुना सापडतो. जगभरच्या भाषांची महिन्यांची, वारांची, चलनांची नावे तिथे साठवलेली आहेत. महिन्याचे पूर्ण नाव, संक्षिप्त नाव, तारखेत येणारे रूप आणि एकटे उभे राहणारे रूप यांच्या नोंदी वेगवेगळ्या. इंग्रजीत ‘मे’ महिना या सगळ्यांत अगदी तस्साच दिसतो. मग इतक्या नोंदी कशाला? कारण रशियनमध्ये पंचांगाच्या डोक्यावर ‘माय’ असते आणि पाच तारखेला जोडून आले की ‘माया’ होते. इंग्रजी नोंदींची गर्दी रशियनसाठी ठेवलेली आहे.

एका कामाची चार नावे

आता नाण्याची दुसरी बाजू. सगळ्या नोंदी वेगळ्या ठेवल्या की दुसरे दुखणे डोके वर काढते. ‘सेव्ह’ वीस ठिकाणी आहे आणि अर्थ वीसही ठिकाणी एकच आहे. पहिल्या वर्षी एकाने लिहिले ‘जतन करा’. पुढच्या वर्षी दुसरीने लिहिले ‘साठवा’. तिसऱ्याला ‘संचयित करा’ अधिक शास्त्रीय वाटले. चौथा म्हणाला, लोक बोलतात तेच लिहू, ‘सेव्ह करा’. चारही शब्द आपापल्या जागी बरोबर. पण एकाच ॲपमध्ये चारही दिसले, तर वापरणाऱ्याला वाटते की ही चार वेगळी कामे आहेत. मदतीच्या पानावर ‘साठवा हे बटण दाबा’ असे लिहिलेले, आणि पडद्यावर तसे बटणच नाही.

यावर उपाय नोंदी एकत्र करणे हा नव्हे. नोंदी वेगळ्या ठेवून त्यांना एकमेकींची ओळख करून देणे हा आहे. मीडियाविकी आणि इतर मुक्त सॉफ्टवेअरचे भाषांतर जिथे होते, त्या ट्रान्सलेटविकीने हे काम फार नीट केले आहे. तिथे प्रत्येक संदेशाला भाषांतरकारासाठी एक टिपण असते आणि ते ‘क्यूक्यूक्यू’ नावाच्या कल्पित भाषेत साठवले जाते. भाषासंकेतांच्या आयएसओ मानकात क्यूएए ते क्यूटीझेड ही संकेतांची रांग खासगी वापरासाठी राखलेली आहे. त्यातलाच हा एक. हे लेबल कुठे दिसते, नाम आहे की क्रियापद, रिकाम्या जागी काय भरले जाईल, हे सगळे त्यात येते. शिवाय ‘आयडेंटिकल’ नावाचा एक साचा आहे. तो टिपणात लावला की सारख्या इंग्रजी मजकुराची सगळी लेबले एका यादीत जमतात. भाषांतरकाराला एका नजरेत दिसते की आपल्या भाषेत कुठे काय लिहिले आहे. फरक हवा असेल तर तो ठेवतो, नको असेल तर काढतो. निर्णय माणसाचा, यंत्र फक्त जुळी समोर आणून उभी करते.

२०१२ मध्ये चेक प्रजासत्ताकात सुरू झालेली ‘वेबलेट’ ही प्रणाली आज अनेक मुक्त प्रकल्प वापरतात. तीही दोन्ही बाजूंनी पहारा देते. एकाच इंग्रजी मजकुराची दोन भाषांतरे दिसली की खूण करते, आणि दोन वेगळ्या इंग्रजी मजकुरांना एकच भाषांतर मिळाले तरी खूण करते.

ही दुसरी खूण मराठीसाठी अमोल आहे. ‘बंद करा’ हे दोन शब्द पाहा. खिडकी बंद करा, वायफाय बंद करा, सूचना बंद करा, संगणक बंद करा. इंग्रजीत या चार कामांना क्लोज, टर्न ऑफ, डिसेबल आणि शट डाउन अशी चार नावे आहेत. पुढे नाम असेल तोवर मराठीचे काही अडत नाही. पण नुसत्या बटणावर ‘बंद करा’ एवढेच उरले, की कागदपत्राची खिडकी मिटणार की अख्खे यंत्र झोपणार, हे कळायला मार्ग नाही. ‘काढा’चेही तसेच. ‘रिमूव्ह’ म्हणजे यादीतून बाजूला करणे, ‘डिलीट’ म्हणजे कायमचे नष्ट करणे. दोन्हींना ‘काढून टाका’ लिहिले, तर यादी आटपायला निघालेला माणूस आपल्या मुलाच्या बारशाचे फोटो गमावून बसेल. म्हणून जपून काम करणारे भाषांतरकार ‘यादीतून काढा’ आणि ‘कायमचे हटवा’ अशी फोड करतात. इंग्रजीपेक्षा दोन अक्षरे जास्त जागा लागली तरी चालेल, घोटाळा नको.

खरोखरीच्या नकला

अर्थ, जागा, व्याकरण सगळे तेच, आणि तरीही नोंद दोनदा, अशा खऱ्या नकलाही असतात. त्या मात्र निर्दयपणे उपटायला हव्यात. त्यांतही घातक नक्कल म्हणजे एकाच फाइलीत एकच ओळखनाव दोनदा येणे. दोन प्रोग्रॅमर एकाच प्रोग्रॅमच्या दोन प्रतींवर, म्हणजे ‘शाखां’वर, काम करतात, दोघेही तेच नाव देतात, आणि शाखा जोडताना दोन्ही ओळी फाइलीत शिरतात. पुढे काय होते, ते फाइलीच्या जातीवर ठरते. गेटटेक्स्ट नक्कल दाखवून तिथेच थांबते. अँड्रॉइडचे ॲप बांधलेच जात नाही. जावाच्या ‘प्रॉपर्टीज’ फाइलीत मात्र चकार शब्द न निघता नंतरची ओळ आधीच्या ओळीला गिळते. जेसन या फाइलप्रकाराच्या प्रमाणकात नावे वेगळी असावीत असे म्हटले आहे, पण तशी सक्ती नाही. बहुतेक साधने शेवटची नोंद घेतात आणि पुढे जातात. भाषांतरकार मग वरची ओळ सुधारत बसतो आणि पडद्यावर काहीच बदलत नाही. अशा फाइली जोडण्याआधी नकला तपासणारी एक पायरी बसवणे हे दहा मिनिटांचे काम आहे, आणि ते न केल्याने आठवडे वाया जातात.

गेटटेक्स्टसोबत ‘एमएसजीयुनिक’ हे साधन येते. पीओ फाइलीतल्या दुहेरी नोंदी ते एकत्र करते. दोन्हींची भाषांतरे वेगळी असतील, तर एकाचा बळी न देता ती खुणेसह शेजारी ठेवते, म्हणजे माणसाला निवड करता येते.

मग उरतात नकलांच्या सावल्या. ‘कॅन्सल’ मोठ्या अक्षरांत, छोट्या अक्षरांत, पहिले अक्षर मोठे ठेवून. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरे नाहीत, त्यामुळे इंग्रजीतली ही तीन लेबले मराठीत अक्षरश: एकच होतात. अँड्रॉइडच्या ‘लिंट’ तपासणीत अशा जोड्या शोधून दाखवण्याची सोय आहे. अक्षरांचा थाट मांडणीतून बदलता येतो, त्यासाठी वेगळे लेबल कशाला? हा मुद्दा मात्र मराठीलाही मान्य व्हावा. ‘सेव्ह’ आणि तीन टिंबे लावलेले ‘सेव्ह’ यांतला फरक मात्र खरा आहे. टिंबे सांगतात की पुढे आणखी एक प्रश्न विचारला जाईल. ती सावली पुसायची नाही.

काटकसरीचा सर्वांत महाग प्रकार म्हणजे लेबलांचे तुकडे करून जोडणे. तिकिटाच्या ॲपमध्ये ‘फ्रॉम’ हे एक लेबल आणि गावाचे नाव दुसरे, दोन्ही जोडले की इंग्रजी वाक्य तयार. मराठीत विभक्ती नावाला चिकटते आणि नावाचे रूप बदलते. नाशिकहून ठीक, मुंबईहून ठीक, पण पुणे जोडले की ‘पुणेहून’ आणि सातारा जोडला की ‘साताराहून’. माणूस म्हणतो पुण्याहून, साताऱ्याहून. शब्दकोश कितीही मोठा केला तरी हे सुटत नाही. लेबलाची घडणच बदलावी लागते. ‘प्रस्थान : पुणे’ अशी मांडणी केली की विभक्तीचा प्रश्नच येत नाही.

पुण्यातले पारिभाषिक पंचांग

शब्दांचा मेळ घालण्याच्या या कामात पुण्याचा वाटा लक्षात ठेवण्याजोगा आहे. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या भाषागटाच्या पुढाकाराने २००८ मध्ये ‘फ्युएल’ प्रकल्प सुरू झाला. कल्पना सरळ होती. डेस्कटॉपवर वारंवार दिसणारे शब्द वेचून त्यांची यादी करायची, भाषेचे जाणकार आणि भाषांतरकार एकत्र बसवायचे, एकेका शब्दावर चर्चा करून प्रमाण प्रतिशब्द ठरवायचा आणि यादी सर्वांना खुली ठेवायची. मराठीसह अनेक भारतीय भाषांत हे काम झाले.

अशी यादी जुळ्या लेबलांवरचा खरा उतारा आहे. ती नोंदी मिटवत नाही, नोंदींना वळण लावते. ‘सेव्ह’ कृतीसाठी हा शब्द आणि बचतीसाठी तो, असे एकदा ठरले की वीस जागी वीस जणांनी काम केले तरी मेळ राहतो. भाषांतरस्मृती नावाची साधने आधीचे भाषांतर समोर आणून देतात, पण ती फक्त आठवण करून देतात. बरोबर काय ते यादी सांगते. यंत्राने सुचवलेले भाषांतर आज चुटकीसरशी मिळते, तरी या कामाची गरज वाढलीच आहे. एकट्या शब्दापुढे यंत्रालाही तोच प्रश्न पडतो, आणि चिठ्ठी नसेल तर तेही ठोकताळाच लिहिते.

तेव्हा हिशोब असा लागतो. एकच ओळखनाव दोनदा आले तर काढा. अक्षरांच्या आकारापुरता फरक असेल तर एकत्र करा. शब्द तोच पण अर्थ, जागा किंवा व्याकरण वेगळे असेल, तर नोंदी वेगळ्याच राहू द्या आणि त्यांच्यावर संदर्भाची चिठ्ठी लावा. अर्थ तोच असून जागा अनेक असतील, तर नोंदी वेगळ्या, पण शब्द यादीतला. आणि मराठीतला एकच शब्द दोन वेगळ्या कृतींवर बसला असेल, तर त्याची फोड करा.

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांच्या घरात आहे. त्यातल्या कोणी मोबाइलची भाषा मराठी केली आणि चार दिवसांत कंटाळून पुन्हा इंग्रजी केली, तर त्याचे कारण बहुधा अशाच एखाद्या चुकलेल्या लेबलात दडलेले असते. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरच्या कंपन्यांतून मराठी मुले-मुली रोज हजारो लेबले लिहितात. त्यांनी प्रत्येक लेबलाशेजारी एक ओळ लिहावी : हे कुठे दिसते आणि याने काय होते. आणि वाचकहो, पडद्यावर चुकीचे मराठी दिसले तर भाषा बदलण्याआधी त्या पडद्याचा फोटो काढून ॲप करणाऱ्यांना पाठवा, सोबत बरोबर शब्दही लिहा. ट्रान्सलेटविकीवर खाते कोणालाही उघडता येते. मराठीतली कितीतरी लेबले तिथे अजून कोणाची तरी वाट पाहत आहेत.